झोपलेला हात

देवीनं माझं ऐकलं की नाही, हे मला अजूनही नेमकं सांगता येत नाही. मी मागितलं एक आणि मिळालं दुसरंच. जे मिळालं ते इतकं मोठं होतं की तक्रार करायला तोंड नाही, आणि जे मिळालं नाही त्याची हुरहूर पन्नास वर्षं झाली तरी गेलेली नाही. दोन्ही मनात शेजारी शेजारी ठेवून मी जगले. आता वय झालं. हे लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यात माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती मी आजवर फार थोड्यांना सांगितली आहे.

माझं माहेर औंधच्या बाजूचं, सातारा जिल्ह्यातलं एक लहान गाव. बाबा तिथले पोस्टमास्तर. आमच्या दारात उभं राहिलं की यमाईचा डोंगर दिसायचा, आणि बाबा सकाळी पोस्ट उघडायला निघताना त्या दिशेला हात जोडून मगच चपला घालायचे. मी लग्न होऊन म्हैसूरला आले ती विसाव्या वर्षी. सासरची माणसं चार पिढ्यांपासून तिथली. घरात मराठीच बोलायची, पण ती मराठी मला पहिल्या वर्षी तीनदा ऐकावी लागे. सासूबाई "स्वल्प मीठ दे" म्हणायच्या, "सुम्मने बस", म्हणजे नुसतं गप्प बस, म्हणायच्या, आणि अर्ध्या वाक्यावरून कधी कानडीत उतरायच्या ते त्यांनाही कळायचं नाही. माणसं मायाळू होती. मला कुणी कधी दुखावलं नाही. तरी मी कानडी शिकले नाही. शिकायला अवघड होतं असं नाही. शिकले तर इथलीच होऊन जाईन आणि तिकडची राहणार नाही, अशी एक भीती मनात होती. फुलवालीशी, दूधवाल्याशी दोन-चार शब्दांत भागवायचं आणि बाकी सगळं सासूबाईंवर सोडायचं, अशी सहा वर्षं काढली.

आमचं घर चामराजपुरममध्ये. गच्चीवरून चामुंडीचा डोंगर दिसायचा आणि संध्याकाळी वरचे दिवे लागले की सासूबाई तिथूनच नमस्कार करायच्या. मीही हात जोडायची, पण मनात म्हणायची, तुम्ही इथल्यांच्या. माझी आहे ती तिकडं आहे. देवापुढंसुद्धा मी असा आपपरभाव धरून बसले होते.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. माझी मुलगी सुधा तेव्हा पाच वर्षांची होती. बाबांचं दर महिन्याला एक कार्ड यायचं. अक्षर ठसठशीत, आणि वरचा शिक्काही त्यांनीच मारलेला, अगदी सरळ. निवृत्त झाल्यावर शिक्का दुसऱ्याच्या हातचा यायला लागला, पण अक्षर तेच होतं. त्या महिन्यात कार्ड आलं नाही. पुढच्या आठवड्यात पाकीट आलं आणि त्यावर भावाचं अक्षर होतं. ते न फोडताच मी खाली बसले. बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं नीट उमटत नाही, भावानं लिहिलं होतं, पण तुझं नाव मात्र कळतं. जमलं तर लवकर ये.

सुधा दीड वर्षाची असताना मी शेवटची गेले होते. त्यानंतर कधी सासऱ्यांचं शेवटचं आजारपण, कधी यांची रजा, राहूनच गेलं. त्या पत्रानंतर माझ्या डोक्यात दुसरं काहीच राहिलं नाही. पोळी लाटताना, पाणी भरताना मी एकच म्हणत होते, यमाई, मला बाबा भेटू देत. बाकी काही मागणार नाही. हे मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात नोकरीला होते. त्यांना त्या आठवड्यात रजा मिळेना, पण त्यांनी शनिवारी दुपारच्या गाडीची सोय केली. बंगळुरात माझी नणंद मला पुढच्या गाडीत बसवून देणार होती आणि तिकडे भाऊ उतरवून घ्यायला येणार होता.

शुक्रवारी दुपारी मी वाटेत खायला दशम्या करत होते. सामान मधल्या खोलीत काढून ठेवलं होतं. खाली ट्रंक, तिच्यावर वळकटी. सुधाला खिडकीतून कुणाला तरी सांगायचं होतं की आम्ही उद्या आजोबांकडे जाणार. ती ट्रंकेवर चढली, वळकटीवर उभी राहिली आणि वळकटी गडगडली. मला आधी धप्प असा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. मी धावले तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडे बघत होती. मनगट पालथ्या चमच्यासारखं वाकलं होतं. मला पाहिल्यावर मग तिनं हंबरडा फोडला.

हे कारखान्यात. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना उंबरा ओलांडणं कठीण. मी हात ओढणीसारख्या फडक्यात बांधला, टांगा केला आणि घरच्यांच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांकडे तिला घेऊन गेले. डॉक्टर म्हातारे आणि शांत होते. त्यांनी सुधाला गुंगी देऊन हाड बसवलं आणि कोपराच्या वरपर्यंत प्लॅस्टर घातलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी बरंच काही सांगितलं. स्वतःची बोटं दाखवली, नखं दाबून दाखवली, हात वर धरून दाखवला. मी मान हलवत राहिले. शेवटी ते म्हणाले, "नाळे बेळिग्गे करकोंडु बन्नी. गोत्तायता?"

नाळे म्हणजे उद्या. बेळिग्गे म्हणजे सकाळी. फुलवाली रोज म्हणायची, म्हणून हे दोन शब्द मला ठाऊक होते. बन्नी म्हणजे या, हेही ठाऊक होतं. बाकीचं मला कळलं नव्हतं हे खरं, पण उद्या सकाळी हिला घेऊन या, एवढं मला स्वच्छ कळलं होतं. उद्या सकाळी दाखवायला गेलं आणि ते म्हणाले की प्रवास करायचा नाही, तर? मी "हं" म्हटलं आणि सुधाला उचलून टांग्यात बसले.

संध्याकाळी हे घरी आले. तिच्याजवळ बसले, डोक्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"हात हलवू द्यायचा नाही म्हणाले."

"परत कधी दाखवायचं?"

"तिकडून आल्यावर," मी म्हटलं.

सासूबाई देवघराशी वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "इल्ला ग, लेकराला एवढं लागलंय. दोन दिवस थांबून जा की."

"आई, माझे बाबा थांबतील का दोन दिवस?"

मी असं बोलले की कुणाला काही बोलताच येऊ नये, हे मला बोलतानाच कळत होतं.

सुधा बराच वेळ रडली. सकाळीही रडली. प्लॅस्टरला हात लावून म्हणत होती, काढ, काढ. मला वाटलं, हाड मोडलंय, दुखणारच. मी तिला गूळपाणी दिलं, गोष्टी सांगितल्या. अकराच्या सुमाराला ती गप्प झाली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, माझा हात झोपला." मी देवघराकडे बघून हात जोडले. मला वाटलं, यमाईनं वाट मोकळी केली.

दीडच्या सुमाराला आम्ही स्टेशनावर पोचलो. गाडी लागलेली होती. हे सामान घेऊन जागा बघायला डब्यात चढले आणि मी सुधाला घेऊन बाकावर बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, बंद गळ्याचा जुना कोट, बाजूला छत्री. मी सुधाला सांगत होते की आता झुकझुक गाडीत बसायचं, मग आत्या भेटेल, मग मामा, मग आजोबा. ते ऐकून त्यांनी मान वळवली.

"आमच्यापैकी काय अम्मा तुम्ही? मराठी बोलता म्हणून विचारलं."

मी हो म्हटलं. कुठं निघालात, पोरीला काय लागलं, असं त्यांनी दोन-तीन गोष्टी विचारल्या आणि विचारता विचारता त्यांची नजर सुधाच्या हातावर थांबली. ते सरकून जवळ आले. "बोटं बघू बाळा," म्हणाले. प्लॅस्टरमधून बोटांची टोकं तेवढी बाहेर होती. बोटांकडे मी त्या दिवशी नीट पाहिलंच नव्हतं, कारण प्रवासासाठी वरून शालीचा तुकडा गुंडाळला होता. त्यांनी तो बाजूला केला. बोटं सुजून गच्च झाली होती. रंग निळसर, शिळ्या जांभळासारखा.

"बोटं हलीव बघू," ते म्हणाले.

सुधानं हाताकडे पाहिलं. "तो झोपलाय," ती म्हणाली. "उठत नाही."

त्यांनी आपल्या डाव्या हातानं तिचं मधलं बोट अगदी हलकं, जरासं सरळ केलं. आणि अकरापासून शांत असलेली माझी मुलगी अशी किंचाळली की पलीकडचा हमाल थांबून बघायला लागला.

मी तिला छातीशी ओढलं. मला त्यांचा राग आला होता. ते मात्र माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी आपला उजवा हात कोटाच्या खिशातून काढून माझ्यासमोर धरला. मनगट आत वळलेलं, बोटं तळव्याकडे ओढलेली, पक्ष्याच्या पायासारखी. त्यावरची कातडी पातळ आणि चकचकीत होती.

"नोडी अम्मा," ते म्हणाले. "तेव्हा मी हिच्यापरीस दोन वर्षांनी मोठा असेन. चिंचेवरून पडलो. गावठी वैद्यानं बांबूच्या कांब्या लावून कचकून बांधलं. दीड दिवस रडलो. मग गप्प झालो. माझी आई म्हणाली, बरं वाटलं पोराला. सगळे तसंच म्हणाले. रडू बंद झालं ना अम्मा, तेव्हा हात मरत होता. ह्या गाडीत चढू नका. बेडा. बेगा, लौकर डॉक्टरकडं जावा."

तेवढ्यात हे डब्याच्या दारात आले आणि म्हणाले, "चल, खिडकीजवळची जागा मिळाली."

मी उठले. गाडीच्या दिशेनं दोन पावलंही टाकली, हे मी लपवणार नाही. त्या दोन पावलांत माझ्या मनात काय होतं ते मला लख्ख आठवतं. बाबा खाटेवर होते आणि दाराकडे बघत होते. बंगळूरला गेल्यावर डॉक्टरांना दाखवू, नणंदेच्या ओळखीचं कुणीतरी असेल, दोन-चार तासांनी काय होतंय, असं सगळं मी एका श्वासात स्वतःला सांगितलं. आणि मग सुधाची बोटं माझ्या गळ्याला लागली. दुपारचं ऊन होतं, मी घामानं भिजले होते, आणि ती बोटं दगडासारखी गार होती.

"अहो," मी म्हटलं, "डॉक्टरांनी आज सकाळी बोलावलं होतं. मला कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

ते वळून आत गेले आणि ट्रंक खाली उतरवली, मग वळकटी. आम्ही टांग्याकडे पळत सुटलो. ते म्हातारे गृहस्थ आमचा पाण्याचा तांब्या डाव्या हातात घेऊन मागून आले, तो टांग्यात ठेवला आणि टांगेवाल्याला कानडीत काहीतरी खडसावून सांगितलं. त्यांचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही. टांगा निघाला तेव्हा मागून गाडीची शिट्टी ऐकू आली. मी वळून पाहिलं नाही. त्या शिट्टीबरोबर माझ्या आतलं काहीतरी उपटून निघालं, एवढं मात्र कळलं.

डॉक्टर जेवायला निघाले होते. सुधाचा हात बघताच ते तसेच मागे फिरले. त्यांनी कात्रीनं प्लॅस्टर वरपासून खालपर्यंत चिरलं, दोन्ही बाजू फाकवल्या, आतला कापूसही कापला. मग हात वर धरून उभे राहिले. आम्ही तिघं त्या पाच बोटांकडे बघत होतो. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी यमाईला हाक मारायला गेले आणि तोंडून काही निघेना, कारण कालपर्यंत जे मागत होते ते आणि आता जे मागायचं होतं ते, दोन्ही एकदम कसं मागू? शेवटी मी मनात एवढंच म्हटलं की मला मागता येत नाही. तूच बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी देवीपुढं काहीही न मागता उभी होते. मग करंगळीच्या नखाखाली थोडा गुलाबी रंग आला. मग शेजारच्या बोटाला. सुधा पुन्हा रडायला लागली आणि डॉक्टर म्हणाले, रडू द्या, आता रडणं चांगलं.

ते यांच्याशी कानडीत बोलत होते. यांनी मला नंतर सांगितलं. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर या हाताचं मी काही सांगू शकलो नसतो, असं ते म्हणाले होते. आणि हेही म्हणाले होते की काल मी बाईंना सगळं नीट समजावलं होतं.

त्याच दुपारी यांनी भावाला तार केली की मुलीच्या हाताला दुखापत झाली आहे, येणं लांबलं. मी विचारलं नाही, किती लांबलं. चिरलेलं प्लॅस्टर सैलसं गुंडाळून डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की पुढचे काही दिवस हात उंच ठेवायचा आणि तासातासाला बोटं बघायची. सासूबाईंनी आपलं जुनं मऊ लुगडं फाडून झोळी केली. ती आम्ही खिडकीच्या गजाला बांधली आणि त्यात सुधाचा हात टांगला. मी तिच्या उशाशी बसून राहायची. नख दाबायचं, ते पांढरं होतं. सोडायचं, आणि रंग परत येतो का ते बघायचं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग तिला म्हणायचं, बाळा, बोटं हलव. ती हलवायची आणि विचारायची, "उठला का ग?" मी म्हणायची, उठला.

तार मंगळवारी दुपारी आली. बाबा सकाळी गेले होते. मी शनिवारी निघाले असते तर सोमवारी पोचले असते. हा हिशोब कुणी मला करून दाखवला नाही. तो माझा मीच केला, आणि पुढं कितीतरी वर्षं करत राहिले. सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांना खाली बसता येत नव्हतं, तरी भिंतीला धरून बसल्या. त्यांनी मला कानडीत काहीतरी म्हटलं, लेकराला म्हणतात तसं. त्यांना वाटलं असावं की त्या मराठीत बोलताहेत. मला शब्द कळले नाहीत, पण मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

थोड्या वेळानं सुधा म्हणाली, "आई, बोटं बघायची राहिली." मी उठले. डोळे पुसले. अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं. रंग आला. मला तेव्हा जे वाटलं ते सांगायचा प्रयत्न करते, पण ते नीट सांगता येईल असं वाटत नाही. मला वाटलं, असंच कुणीतरी माझ्याही उशाशी बसलं आहे. मी रडते आहे म्हणून त्याला काळजी नाही. मी गप्प झाले तर ते घाबरेल. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दिसलं काही नाही, ऐकू काही आलं नाही. बाबा गेल्याचं दुःख तसूभरही कमी झालं नाही. पण त्या दुःखात मी एकटी नाही, हे मला इतकं पक्कं कळलं की आजवर त्याबद्दल शंका आली नाही. आणि ते कळलं ते औंधच्या डोंगरावर कळलं नाही, म्हैसुरात, खिडकीच्या गजाला बांधलेल्या एका लुगड्याच्या झोळीखाली कळलं.

यांनी मला त्या खोटेपणाबद्दल एका शब्दानंही विचारलं नाही. शेवटी चौथ्या-पाचव्या दिवशी मीच विषय काढला. ते म्हणाले, "डॉक्टरांचं घर माझ्या वाटेवर होतं. मी स्वतः जाऊन विचारू शकलो असतो. मलाही तुला जाऊ द्यायचं होतं, म्हणून मी विचारलं नाही." एवढंच बोलून ते सुधाला भात भरवायला गेले.

दीड महिन्यानं प्लॅस्टर निघालं. आतून बारकं, कोरडं मनगट निघालं. डॉक्टर म्हणाले, रोज कोमट पाण्यात हात ठेवा आणि मूठ उघडायला-मिटायला लावा. मी तिला तांदळाच्या पिठाचा गोळा मळायला द्यायची. पहिले दिवस ती दोन मिनिटांत कंटाळायची. मग त्यातून चिमण्या, उंदीर, गाडीचे डबे व्हायला लागले.

हात बरा होताना मला त्या म्हाताऱ्यांना शोधायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यापैकी म्हणाले आणि असं बोलत होते, तर जुन्या कापड रंगवणाऱ्या रंगारी लोकांतले असतील. त्यांचं विठ्ठलाचं देऊळ आहे की पेठेत. तिथं विचार." मी सुधाला घेऊन निघाले. वाटेत तिघांना पत्ता विचारावा लागला आणि तो मी कानडीत विचारला. तोडकीमोडकी कानडी, पण लोकांना कळली आणि त्यांची मला कळली. गल्लीत आता रंगाच्या कढया उरल्या नव्हत्या. शिलाईची यंत्रं होती, एक सायकलचं दुकान होतं. देऊळ लहानसं होतं. आत ते बसले होते, डाव्या हातानं समई पुसत. मला वाटलं होतं की ते सापडणारच नाहीत. अशा गोष्टींत माणूस पुन्हा सापडत नाही असंच मी ऐकत आले होते. ते सापडले, आणि त्यांनी मला ओळखलंही.

ते सुधाच्या हाताकडे बघत राहिले. तिनं मूठ उघडून, मिटून दाखवली. त्यांनी तिला तीन-चार वेळा तसं करायला लावलं. पुरे झालं तरी म्हणत होते, अजून एकदा. मी त्यांना विचारलं, त्या दिवशी तुम्ही स्टेशनावर कसे होता? ते म्हणाले, मुलगी येणार होती बंगळुराहून, पण ती त्या गाडीनं आलीच नाही. म्हणून बसून राहिलो होतो. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी अडवलं. "मला काय कळलं अम्मा? एवढंच कळलं. माझ्याजागी दुसरं कुणी असतं तर हात सुजलाय म्हणून बघून सोडलं असतं." मग विठ्ठलाकडे न बघताच ते म्हणाले, "ह्याच्याशी मी लई वर्षं बोललो नव्हतो. दिवा लावायचो, पण बोलायचो नाही. आता बोलतो स्वल्प."

घरी येताना मला समाधान वाटायला हवं होतं, पण त्याबरोबर एक अस्वस्थपणाही होता. माझ्या मुलीचा हात वाचावा म्हणून एका लेकराचा हात साठ वर्षं आधी गेला, असं मी कसं म्हणू? देव असा हिशोब मांडतो असं मला वाटत नाही, आणि मांडत असेल तर तो मला समजत नाही. मी फक्त इतकंच म्हणते की त्यांनी आपली जखम खिशात झाकून ठेवली होती आणि मला गरज पडली तेव्हा ती बाहेर काढली. तिथं मला देव दिसला. पुढं ते होते तोवर आम्ही दर एकादशीला त्या देवळात जात राहिलो. सुधा त्यांना तात्या म्हणायची.

त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी गेले. यमाईच्या पायऱ्या चढले. जाताना मनात होतं की विचारीन, बाबांना आणखी दोन दिवस देणं तुला जड झालं होतं का? वर पोचले, दर्शन घेतलं आणि विचारलं नाही. ज्या देवीनं मला त्या डॉक्टरांच्या खोलीत उभं राहायला बळ दिलं होतं, तिला असं काय विचारायचं? मी सुधाला पुढं केलं आणि बाजूला उभी राहिले. शरणागती म्हणजे काय ते मला फारसं कळत नाही. मला वाटतं, जे मागितलं होतं ते रिकामंच राहिलं हे मान्य करायचं आणि तरी तिच्यासमोर येऊन उभं राहायचं, एवढंच असावं ते. रिकामी जागा भरली पाहिजे असा हट्ट मी सोडला. ती तशीच आहे.

संध्याकाळी भावानं मला बाबांच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. आमची तार त्यानं त्यांना वाचून दाखवली होती. मुलीच्या हाताला दुखापत, येणं लांबलं. बाबांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग बराच वेळ काहीतरी म्हणत होते, पण उमटत नव्हतं. भावानं कान लावला तेव्हा कळलं. "कुठला हात?" असं ते विचारत होते. सोमवारीही दोनदा विचारलं. पोरगी लिहायला शिकत असेल आता, असंही काहीसं म्हणाले. तारेत ते नव्हतं, म्हणून भावाला सांगता आलं नाही.

सुधा आता म्हैसुरातच, विजयनगरला राहते. शाळेत शिकवते, आणि फळ्यावर तिचं अक्षर फार सुरेख येतं असं तिच्या विद्यार्थिनी सांगतात. मी तिच्याकडेच असते. रोज सकाळी आंघोळ झाली की मी चामुंडीच्या डोंगराकडे तोंड करून हात जोडते, आणि त्याच देवीला सांगते की बाबांना निरोप दे. निरोप लहानच आहे. उजवा होता, बाबा. बरा झाला.